दुधाचा थेंब अन् काळी माती: कणांचं डिफ्युजन अन् साइज साध्या लॅबमध्ये कसं मोजायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दरवर्षी प्रोजेक्टच्या वेळी तीन-चार पोरंपोरी येतात अन् म्हणतात सर काहीतरी नॅनोवालं द्या. मग मी त्यांना आधी मायक्रोस्कोपखाली दुधाचा एक पातळ केलेला थेंब दाखवतो. मागच्या वर्षी एका पोरीनं डोळा लावला अन् दोन मिनिटं उठलीच नाही, मग हळूच विचारलं, "सर, हे जिवंत हायेत का जी?" तिला म्हटलं की हाच प्रश्न १८२७ साली रॉबर्ट ब्राउनलाही पडला होता, त्यानं परागकणांच्या आतले बारीक कण पाण्यात थरथरताना पाहिले, आधी वाटलं की जीव असंल, मग त्यानं काच, कोळसा, दगड असं सगळं कुटून पाण्यात टाकून पाहिलं अन् तेही तसंच हलत होतं. म्हणजे जिवाचा संबंध नाही, बारीकपणाचा आहे. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी धक्के मारून राहिले असतात, मोठ्या कणाला ते जाणवत नाहीत, बारीक कणाला जाणवतात.

अन् हेच आपलं मोजमाप आहे. जेवढा बारीक कण, तेवढा तो जास्त भटकतो. म्हणून किती भटकला ते मोजलं तर कण केवढा ते निघतं, कणाची कडा नीट दिसायचीही गरज नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं याचं गणित मांडलं, त्यात हिशेब करून सांगितलं की एक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १७ डिग्रीच्या पाण्यात एका मिनिटात एका दिशेनं साधारण ६ मायक्रॉन सरकंल. मग फ्रान्समध्ये झाँ पेराँनं खरंच मायक्रोस्कोपला बसून दर ३० सेकंदाला कणाची जागा कागदावर मांडली, त्यासाठी त्यानं गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे कण वापरले होते, तो डिंक ज्या झाडाचा ते आपल्या कोकमाच्या भाऊबंदातलं, दोन्ही गार्सिनिया या एकाच जीनसमधली. १९२६ ला त्याला नोबेल मिळालं. त्याच्याकडे ना मोबाइल होता ना कॉम्प्युटर, म्हणून मी पोरांना सांगतो की आपल्याकडे साधनं नाहीत असं म्हणू नका, आपल्याकडे पेराँपेक्षा जास्त आहेत.

आता कामाचं. काय लागतं ते आधी गोळा करा: कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप ज्याला ४० ची लेन्स आहे, मोबाइल, मोबाइल लावायचा क्लॅम्प, स्लाइड-कव्हरस्लिप, सेलोटेप, नेलपॉलिश, डिस्टिल्ड वॉटर अन् एक चांगला थर्मामीटर. डिस्टिल्ड वॉटर गावात मिळत नाही असं पोरं म्हणतात पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी प्रत्येक बॅटरीच्या दुकानात असतं, ते चालतं, फक्त नवी सीलबंद कॅन घ्या. दूध पाकिटाचं घ्या, अन् पाकिटावर होमोजिनाइज्ड लिहिलेलं पाहूनच घ्या, कारण गायी-म्हशीच्या ताज्या दुधातले स्निग्धाचे गोळे तीन-चार मायक्रॉन अन् त्याहून मोठे असतात, ते नुसते वर तरंगून येतात, थरथर कमी दिसते. होमोजिनाइज्ड दुधात तेच गोळे फोडून साधारण दोन मायक्रॉनच्या खाली आणलेले असतात, ते मस्त नाचतात.

पन्नास मिलि डिस्टिल्ड पाण्यात दुधाचा एक थेंब. बस. हे साधारण हजारपट पातळ झालं. पोरांना नेहमी वाटतं की जास्त टाकलं तर जास्त दिसंल, पण मग कण एकमेकांना आडवे येतात, ट्रॅक करताना सॉफ्टवेअर एकाचा दुसरा समजते, अन् पाणीही मग नुसतं पाणी राहत नाही. एका दृश्यात वीस-तीस कण दिसले पाहिजेत, तेवढं होईपर्यंत पातळ करत जा. स्लाइडवर दोन बाजूंना सेलोटेपच्या बारीक पट्ट्या लावा, मधात थेंब टाका, वरून कव्हरस्लिप, अन् चारी कडा नेलपॉलिशनं बंद करा. पट्ट्या कशाला तं काचेच्या अगदी जवळचा कण हळू हलतो, काच त्याला अडवते. कणाची त्रिज्या अर्धा मायक्रॉन अन् काचेपासूनचं अंतर अडीच मायक्रॉन असलं तरी डिफ्युजन, म्हणजे हे भटकणं, दहा-अकरा टक्क्यांनी कमी येतं. पट्ट्यांमुळे पाण्याची जाडी पन्नासेक मायक्रॉन मिळते, मग फोकस वरच्या काचेवर नेऊन बारीक नॉबनं खाली आणत मधोमध थांबायचं.

कडा बंद करायला विसरू नका. विसरलात तर कडेनं पाणी उडत राहते, अन् आपल्याकडे मार्चमध्ये तर पाहता पाहता उडते, मग सगळे कण एका दिशेनं वरातीसारखे वाहत जातात. तसा व्हिडिओ कामाचा नाही.

मोबाइलचं सांगतो, कारण इथे माझा एक आख्खा महिना गेला. आमच्या पहिल्या बॅचचे आकडे काही केल्या जुळत नव्हते, एकच स्लाइड, एकच दिवस, अन् एका पोराच्या मोबाइलवर एक साइज तं दुसऱ्याच्या मोबाइलवर दुसरीच. शेवटी कळलं की कॅमेऱ्यात व्हिडिओ स्टॅबिलायझेशन चालू होतं. मोबाइल समजून राहिला होता की हात हलतोय, म्हणून तो स्वतःच चित्र सरकवून कणांची हालचाल पुसून टाकत होता! म्हणून स्टॅबिलायझेशन बंद करा, फोकस अन् एक्स्पोजर लॉक करा, झूम एकदा ठरवला की हात लावू नका. दुसरं म्हणजे बरेच मोबाइल सेकंदाला ठरलेल्या फ्रेम घेतच नाहीत, उजेड कमी झाला की ३० च्या २४ करतात, अन् आपण फ्रेम मोजून वेळ काढणार म्हणून वेळ चुकते. व्हिडिओ आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, फुकटची सॉफ्टवेअर आहेत. अन् त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो काढून ठेवा, त्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, एक घर दहा मायक्रॉनचं, त्यावरून एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते निघते. मायक्रोमीटर नसंल तर जुनी सीडी घ्या, टेपनं वरचा चकचकीत थर उपटून काढा, खालच्या प्लास्टिकवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं.

मायक्रोस्कोपचा दिवा जुन्या पिवळ्या बल्बचा असंल तर तो काढून एलईडी लावा. पिवळा बल्ब स्लाइड तापवतो अन् पाण्यात प्रवाह सुरू होतात. आम्ही पॉवर बँकवर चालणारा एलईडी लावला, त्यानं लाइट गेली तरी काम थांबत नाही, हा दुसरा फायदा.

आता थर्मामीटर. हे मी जाड अक्षरात लिहायला सांगतो वहीत. कणाला धक्के मारणारी गोष्ट म्हणजे तापमान, अन् त्याला अडवणारी गोष्ट म्हणजे पाण्याची व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा, अन् ती पण तापमानानं बदलते, २० डिग्रीला १.००, ३० ला ०.८० अन् ४० ला ०.६५ मिलिपास्कल-सेकंद. म्हणजे पाणी तापलं की दोन्ही बाजूंनी कण मोकळा होतो. पुस्तकातली उदाहरणं सगळी २५ डिग्रीची असतात, अन् आमची लॅब प्रॅक्टिकलच्या दिवसांत ३५ ला असते. ३५ च्या पाण्यात मोजून २५ चे आकडे टाकले तर एक मायक्रॉनचा कण ०.७८ मायक्रॉनचा निघतो. बावीस टक्के चूक, अन् कुठंही काही बिघडलेलं दिसत नाही! म्हणून स्लाइडच्या अगदी शेजारी स्टेजवर थर्मामीटर ठेवा, खोलीच्या भिंतीवरचा नाही. हिशेब सोपा करायला मी एक आकडा काढून ठेवला आहे, त्याला डी नं म्हणजे डिफ्युजनच्या आकड्यानं भागायचं की व्यास मिळतो, सरळ मायक्रॉनमध्ये. पाण्यासाठी तो आकडा २० डिग्रीला ०.४२९, २५ ला ०.४९१, ३० ला ०.५५७, ३५ ला ०.६२८ अन् ४० ला ०.७०२. मधल्या तापमानाला मधला आकडा घ्या. यात बोल्ट्झमनचा स्थिरांक, पाय (π), व्हिस्कॉसिटी सगळं आलं, वेगळं काही टाकायचं नाही, फक्त डी चौरस मायक्रॉन दर सेकंदात पाहिजे.

डी कसा काढायचा? व्हिडिओ इमेजजे नाहीतर ट्रॅकर मध्ये उघडा, दोन्ही फुकट आहेत. इमेजजेचंच फिजी नावाचं मोठं पॅकेज येतं, त्यात ट्रॅकमेट असतं, ते आपोआप कण पकडते, पण पहिल्यांदा दोन-तीन कण हातानं क्लिक करून ट्रॅक कराच, म्हणजे आपण काय करून राहिलो ते डोक्यात बसते. दर एका सेकंदाला कणाची जागा घ्या. एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंत आडवं किती सरकला अन् उभं किती सरकला, दोन्हीचा वर्ग करून बेरीज, अशा सगळ्या पावलांची सरासरी. ही सरासरी म्हणजे एमएसडी, अन् वरून पाहिलेल्या सपाट चित्रात ती चार गुणिले डी गुणिले वेळ असते. उदाहरण घ्या: स्लाइडवर ३४ डिग्री, एका सेकंदाची एमएसडी २.५ चौरस मायक्रॉन आली, तर डी झाला ०.६२५, अन् ३४ चा आकडा ०.६१३, भागाकार ०.९८ मायक्रॉन. झालं.

पण एकाच सेकंदावर थांबू नका. एक, दोन, तीन, चार, पाच सेकंदांची एमएसडी काढून ग्राफ टाका. सरळ रेघ आली तर देवाची कृपा. रेघ वरच्या बाजूला वळली तर समजा पाणी वाहतं आहे, कारण वाहण्याच्या अंतराचा वर्ग वेळेच्या वर्गानं वाढतो. अर्धा मायक्रॉन दर सेकंद एवढा हलका प्रवाह असला तरी एका सेकंदाला तो फक्त ०.२५ ची भर घालतो पण दहा सेकंदाला २५ ची, म्हणजे एक मायक्रॉनच्या कणाच्या खऱ्या भटकण्यापेक्षाही जास्त. उपाय असा की प्रत्येक फ्रेममध्ये सगळ्या कणांचं सरासरी सरकणं काढून ते प्रत्येकातून वजा करा, कारण वाहणं सगळ्यांना सारखं असतं अन् भटकणं ज्याचं त्याचं. रेघ खालच्या बाजूला वाकली तर कण काचेला चिकटला नाहीतर कुठं अडकला. अन् रेघ सरळ आहे पण शून्यातून न जाता थोडी वरून सुरू होते, तर घाबरू नका, ती कणाची जागा ओळखण्यातली आपली चूक आहे, उतार बरोबर असतो, डी उतारावरूनच काढा. लांबच्या वेळेचे बिंदू वापरू नका, तिथे पावलं थोडी उरतात अन् ग्राफ दारू प्यायल्यासारखा चालतो, सुरुवातीचे चार-पाच बिंदू पुरेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. एका कणाची साइज निघाली, ठीक. पण दुधात सगळे कण एकाच साइजचे नसतात, मातीत नसतात, कुठंच नसतात. त्यामुळे खरं उत्तर एक आकडा नसतो, किती कण केवढे याची वाटणी असते, डिस्ट्रिब्युशन. पोरं काय करतात, पन्नास कण ट्रॅक करतात, प्रत्येकाची साइज काढतात, हिस्टोग्राम काढतात अन् रुंद डोंगर आला की खुश होतात, सर पाहा किती विविधता. पण तो डोंगर खरा आहे की आपल्या मोजण्यातून आला हे पाहायलाच पाहिजे. कण आपल्या मर्जीनं भटकतो, त्यामुळे थोड्या पावलांवरून काढलेला डी कमी-जास्त होणारच. हिशेब सोपा आहे, जेवढी पावलं त्याच्या वर्गमुळानं एकाला भागा, तेवढी चूक. शंभर पावलांना दहा टक्के. तीस पावलांना अठरा टक्के. म्हणजे अगदी साच्यातून काढल्यासारखे एकसारखे एक मायक्रॉनचे मणी असते तरी तीस-तीस पावलं मोजून दोन तृतीयांश मणी ०.८ ते १.२ मध्ये पसरलेले दिसले असते, अन् बाकीचे त्याच्याही बाहेर. ही रुंदी कणांची नाही, आपल्या घाईची आहे.

ओळखायचं कसं? मी एक सोपी युक्ती शिकवतो. प्रत्येक कणाचा ट्रॅक मधोमध तोडा, पहिल्या अर्ध्याची साइज वेगळी काढा, दुसऱ्याची वेगळी. एकाच कणाच्या दोन अर्ध्यांत जेवढा फरक येतो तेवढाच जर वेगवेगळ्या कणांच्या अर्ध्या ट्रॅकांत येत असंल तर डिस्ट्रिब्युशन वगैरे काही नाही, नुसता गोंधळ आहे, अजून लांब व्हिडिओ घ्या. वेगवेगळ्या कणांतला फरक चांगला दुप्पट-तिप्पट असंल तर मग विश्वास ठेवा. अन् अजून एक खोड लक्षात ठेवा, बारीक कण जास्त पळतात म्हणून ते फोकसच्या बाहेर लवकर निघून जातात, त्यांचे ट्रॅक तुटके राहतात, अन् आपण लांब ट्रॅक तेवढे ठेवले की नकळत बारीक कण गाळून टाकलेले असतात. त्यामुळे किती ट्रॅक टाकून दिले अन् किती पावलांच्या खालचे टाकले हे वहीत लिहा. साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या खालचे कण ४० च्या लेन्सला नीट दिसत नाहीत, तेही या हिशेबात नाहीत, हेही लिहा.

दुसरा घोळ वजनाचा. समजा एका टोपल्यात शंभर दाणे खसखस अन् एक दाणा हरभरा. सरासरी दाणा केवढा? दाणे मोजले तर खसखशीएवढा. पण तराजूवर ठेवलं तर तो एकटा हरभराच भारी भरंल. कणांचंही तसंच, व्यास दहापट झाला की आकारमान हजारपट होते. मायक्रोस्कोपनं आपण संख्या मोजतो, मातीच्या टेस्टमध्ये वजन मोजतो, अन् लेझरच्या मशीनमध्ये उजेड मोजतो, अन् अगदी बारीक कणांचा उजेड तर व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो, १०० नॅनोमीटरचा (म्हणजे ०.१ मायक्रॉनचा) एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा चमकतो. तिन्ही पद्धती एकाच नमुन्याला वेगळं उत्तर देतील अन् तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. म्हणून डी-५० लिहिला तर पुढे संख्येनुसार की आकारमानानुसार ते लिहा. डी-५० म्हणजे ज्या साइजच्या खाली अर्धा माल येतो ती साइज (इथला डी व्यासाचा, डिफ्युजनचा नाही), तसाच डी-१० म्हणजे दहा टक्के अन् डी-९० म्हणजे नव्वद टक्के. नुसता डी-५० देऊन थांबू नका, तिन्ही द्या.

माती. आपल्या भागात कणाच्या साइजचं काम म्हटलं की शेवटी मातीकडेच येते. माझे वडील ओली माती चिमटीत धरून अंगठ्यानं पुढं सरकवत पट्टी काढतात, पट्टी लांब निघाली की भारी जमीन, लगेच तुटली की हलकी, किरकिर लागली की बरड. हेही साइज डिस्ट्रिब्युशनच आहे, बोटानं काढलेलं. लॅबमध्ये तेच आकड्यात काढायचं. आपल्या कृषी विद्यापीठांत वापरतात त्या हिशेबानं दोन मायक्रॉनच्या खाली चिकण म्हणजे क्ले, दोन ते वीस पोयटा म्हणजे सिल्ट, वीसच्या वर दोन मिलिमीटरपर्यंत रेती.

इथे भटकणं नाही, बुडणं मोजायचं. मोठा कण लवकर तळाला जातो, बारीक हळू, अन् वेग व्यासाच्या वर्गानं वाढतो, हा स्टोक्सचा नियम. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली अन् ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवलेल्या वजनानं २० ग्रॅम माती घ्या, सेंद्रिय भाग जास्त असंल तर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस थांबेपर्यंत ठेवा, मग पाच टक्क्यांचं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट १० मिलि टाकून रात्रभर भिजू द्या. हे औषध कशाला, तर चिकणचे कण एकमेकांना धरून बसतात, ते त्यांना सोडवते. सकाळी मिक्सरमध्ये पाच-दहा मिनिटं फिरवा, एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन खुणेपर्यंत पाणी भरा, तेही डिस्टिल्डच.

डिस्टिल्ड यावर मी जोर देतो त्याला कारण आहे. एकदा पाणी संपलं होतं म्हणून आम्ही बोअरचं भरलं. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी ठेवले होते, एकच माती, एकात डिस्टिल्ड अन् एकात बोअर. वीस मिनिटांनी पाहतो तं डिस्टिल्डवालं चहासारखं गढूळ अन् बोअरवाल्यात आधी दह्यासारखे बारीक गोळे दिसायला लागले, मग वरून पाणी निवळत निवळत खाली आलं. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं चिकणच्या कणांची मोट बांधली, अन् मोट म्हणजे मोठा कण, ती भरकन तळाला गेली. त्या पाण्यावर टेस्ट केली असती तर भारी काळी माती कागदावर हलकी निघाली असती. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाणी निवळते ना, त्याच जातीचं काम.

सिलिंडर तोंड बंद करून मिनिटभर चांगलं उलटंपालटं करा, टेबलावर ठेवा अन् घड्याळ सुरू करा. २० डिग्रीला दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला ७ तास ४४ मिनिटं घेतो, ३० ला ६ तास ९ मिनिटं अन् ४० ला साधारण ५ तास. त्या वेळेला बरोबर दहा सेंटिमीटर खोलीवरून पिपेटनं २० मिलि काढायचं, हळू, ढवळू न देता. त्यात फक्त चिकण उरलेली असते, बाकीचं खाली गेलं. ते वाळवून मिलिग्रॅमच्या तराजूवर तोला. उदाहरणार्थ ०.२२१ ग्रॅम भरलं, त्यातून औषधाचे ०.०१० वजा, राहिले ०.२११, पन्नासनं गुणलं की लिटरमध्ये १०.५५ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅममध्ये जवळपास ५३ टक्के चिकण. आपल्या भारी काळ्या जमिनीत चाळीस-साठ टक्के असतेच. पोयट्यासाठी वीस मायक्रॉनची वेळ शंभरपट कमी, ३० डिग्रीला ३ मिनिटं ४१ सेकंद, म्हणून ते पिपेट आधी तयार ठेवा. अन् आम्ही लॅबमध्ये सकाळी दहाला सिलिंडर हलवतो म्हणजे ३० डिग्री असलं तर चार वाजून नऊ मिनिटांना पिपेट होतं अन् पोरांना संध्याकाळची एसटी मिळते. थंडीत लॅब २० ला असते तेव्हा साडेआठला यावं लागते.

पिपेटऐवजी हायड्रोमीटर, म्हणजे घनता दाखवणारी तरंगती नळी, वापरत असाल तर नुसत्या पाण्याचं अन् औषधाचं ब्लँक सिलिंडर शेजारी ठेवा अन् त्याचं रीडिंग वजा करा, त्यानं पाण्याच्या घनतेचा हिशेब सुटतो. पण बुडायचा वेळ त्यानं सुटत नाही, ती व्हिस्कॉसिटीची गोष्ट आहे, वेळ तापमानानुसारच बदलावी लागते. अन् दोन तासांचं रीडिंग चिकण म्हणून घेऊ नका, तेव्हा बारीक पोयटा अजून तरंगत असतो, चिकण फुगून दिसते. चुनखडी काढली की ठेवली तेही लिहा, आपल्या मातीत ती बरीच असते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र कुठं येतात ते पाहा. ०.१ मायक्रॉनचा मातीचा कण एका दिवसात एक मिलिमीटरपेक्षा थोडा कमी बुडतो, अन् नुसत्या भटकण्यानं तोच कण वर किंवा खाली एका दिवसात साधारण तेवढाच सरकतो. म्हणजे खाली ओढणारं अन् विस्कटणारं सारखंच झालं. म्हणून पुरानंतर पैनगंगेचं पाणी दिवसेंदिवस निवळत नाही, अन् म्हणूनच त्या साइजच्या खाली बुडण्याची पद्धत उपयोगाची नाही. तिथे पुन्हा भटकणंच मोजावं लागतं, पण मायक्रोस्कोपला ते दिसत नाही, मग डीएलएस, म्हणजे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग.

डीएलएसमध्ये लेझर नमुन्यातून जातो, कण हलतात तसा विखुरलेला उजेड लुकलुकतो, कण बारीक तर लुकलुक जलद, त्यावरून मशीन डी काढते अन् डी वरून साइज. गणित तेच, आइन्स्टाइनचंच. मशीन गावात नाही, नागपूर-अमरावतीला मोठ्या संस्थांत नमुना पाठवावा लागतो, म्हणून रिपोर्ट वाचता आला पाहिजे. आमच्याकडे कडुलिंबाच्या पाल्यापासून सिल्व्हर नॅनो करायचा प्रोजेक्ट दर वर्षी असतो. पोरगा रिपोर्ट आणतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये २० नॅनोमीटर अन् डीएलएसमध्ये ७०, अन् रडवेला होतो की काहून जी सर, चुकलं का माझं? चुकलं नाही. डीएलएस कणाभोवतीचा पाल्याच्या द्रव्याचा लेप अन् त्याच्यासोबत ओढलं जाणारं पाणीही मोजते, शिवाय मोठ्या कणांना जास्त मत देते, दोन-चार गुच्छ असले तरी सरासरी वर जाते. दोन्ही आकडे लिहा, पद्धतीसह.

रिपोर्टमध्ये पीडीआय पाहा, म्हणजे साइज किती पसरलेल्या आहेत त्याचा आकडा, ०.१ च्या खाली म्हणजे कण एकसारखे, अन् ०.५ च्या वर गेला की त्या सरासरीवर फार भिस्त ठेवू नका. तापमान अन् व्हिस्कॉसिटी काय टाकली ते पाहा, नमुना पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये असंल अन् ऑपरेटरला सांगितलं नसंल तर आकडा गेला. तीन रीडिंग मागा, एक नाही. तिन्ही रीडिंगमध्ये साइज वाढत चालली तर कण गुच्छ होऊन राहिले आहेत, कमी होत चालली तर मोठे कण तळाला बसून राहिले आहेत. बाटली धुळीची नको, एक धुळीचा कण सगळ्या नॅनोवर भारी पडतो, म्हणून पातळ करायचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

अन् नमुना नेताना उन्हाळ्यात एसटीच्या टपावर किंवा इंजिनच्या बाजूला ठेवू नका, थर्माकोलच्या डब्यात ठेवा. बर्फ टाकायचा तर बाटलीला चिकटू देऊ नका, मधात कपडा घाला, कारण पाणी गोठलं की बर्फ कणांना कडेला लोटून एकमेकांवर दाबतो अन् वितळल्यावर ते सुटत नाहीत. निघताना बाटलीचा फोटो काढा, पोचल्यावर पुन्हा काढा. सिल्व्हर नॅनोचा पिवळा रंग राखाडी झाला असंल तर मशीनवर लावूच नका, परत या अन् नवीन बॅच करा.